बहिरी जीप

लालमहंमदमामूची एक खोड होती. बिघडलेली चीज पुढ्यात ठेवली की तो तिला हात लावत नसे. आधी मालकाकडं बघायचा अन् विचारायचा, "कवापासून?" मग दुसरा सवाल, "त्याच्या आदल्या दिवशी काय केलतंस?" मालक म्हणायचा, "काईच न्हाई केलं." मामू मान हलवायचा. चाळीस वर्षांत 'मीच केलं' म्हणणारा माणूस त्याला भेटला नव्हता.

मामू मूळचा देगलूरकडचा. नांदेडात एका रेडिओवाल्याच्या हाताखाली काचेच्या वाल्वचे रेडिओ उघडायला शिकला. बायको लातूरची मिळाली म्हणून लातुरात आला अन् गंजगोलाईच्या बोळात लाकडी खोकं टाकून बसला. रेणापूरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीतले सगळे रेडिओ त्याच्याच हाताखालून गेलेले. पण त्या साली धंदा बसला होता. लागोपाठ दुसरा पाऊस दगा देऊन गेलेला. "दुष्काळात रेडिओ बिघडत न्हाई," मामू म्हणायचा. "सेल संपतेत, अन् नवे कुणी घेत न्हाई." साठी उलटलेली, गुडघे गेलेले. बसला की उठायचा कंटाळा, उठला की बसायचा.

आमचा जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. जिल्हा नवा, सामान जुनं. कुठून कुठून आलेल्या मोडक्या खुर्च्या, न लागणारी कपाटं, अन् टँकरच्या कामाला दिलेली एक जीप. जीपमध्ये वायरलेसचा संच होता. नुसता ऐकायचा, त्यातून बोलता येत नव्हतं. संचावर बारक्या लाल दिव्यांची रांग. एक विझला की पुढचा लागायचा, अशी सारखी पळापळ. कुठं कुणी बोलायला लागलं की दिवा तिथंच थांबायचा अन् आवाज यायचा. रोज अकराला अन् एकला लातूरहून निरोप सुटायचा, कोणत्या विहिरीला पाणी हाय, टँकर कुठं भरायचा. जीपनं ऐकायचं अन् टँकर घेऊन निघायचं.

आमच्या वाडीवर दोन दिवस दिवा थांबलाच नव्हता. पहिल्या दिवशी टँकर अंदाजानं जुन्या विहिरीवर गेला, तर तिथं चिखल. दुसऱ्या दिवशी गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी डायवर रेवणसिद्ध मामूला जीपमध्ये घालून वाडीवरच घेऊन आला. कारण लातुरात लावली की जीप खणखणीत ऐकायची अन् वाडीला आली की बहिरी. वरून तंबी होती, आज एकचा निरोप चुकला तर टँकर दुसऱ्या सर्कलला जाणार.

रिकामा टँकर बाजूला उभा, लिंबाखाली घागरींची रांग लागलेली, त्यात आमची घागर घेऊन मीही. सगळ्यात पुढं गंगम्माक्का, पालथ्या घागरीवर बसलेली. मामू जीपमधून उतरायला लागला, तर एक पाय खाली अन् दुसरा वरच राहिला.

"ह्योच का रं तुझा डाक्टर?" गंगम्माक्का म्हणाली. "ह्यालाच उतरवायला दोघं लागतेत."

"तिघं, आक्का," मामू म्हणाला. "तू बी ये."

अकराचा निरोप आला अन् गेला. दिवा नुसता पळत राहिला. संचातून कढईत पोहे भाजल्यासारखी खरखर.

"कवापासून?" मामूनं विचारलं.

"शिवरात झाल्यापासून," रेवणसिद्ध म्हणाला. "आधी थोडं थोडं, मग लईच."

"त्याच्या आधी काय केलतंस?"

"काईच न्हाई केलं, मामू. देवाशपथ."

मामूनं मान हलवली. संचाच्या मागची एरियलची वायर उपसली, तिथं चार हात उघडी तार खोचली अन् तिचं टोक लिंबाच्या फांदीवर टाकलं. दिवा पळता पळता अडखळला, थांबला. कुणीतरी बोललं, तुटक तुटक. "...खेप... वाडीला... सायेब म्हणले..." की पुन्हा खरखर.

"संच बरा हाय," मामू म्हणाला. "कान बरा हाय. कानात बोळा हाय."

"मग ही तारच ऱ्हाऊ द्या की!"

"हौ. झाड बी घे मागं बांधून. अन् अर्ध्या बोलावर कोणती विहीर धरशील? आपल्याकडं हरेक गावाच्या नावात वाडी, नाहीतर पूर."

मग मामू जीपच्या पुढं गेला. उजव्या मडगार्डावर एरियलची पोलादी काडी उभी. काडीच्या बुडाला भस्माची तीन बोटं, कुंकू, तेलाचा राप, वाळलेलं फूल, नारळाची शेंडी. देवळातल्या नंदीलाही एवढा मान नसंल. मामूनं रेवणसिद्धाकडं बघितलं. रेवणसिद्धानं आभाळाकडं.

"आवाज इथूनच येतो म्हणून," तो हळूच म्हणाला. "शिवरातीला एक नारळ फोडला ह्याच्यावर. दुसऱ्या दिवशी असा आवाज लागला, मामू, शेजारी बसून बोलल्यावानी. मग दर सोमवारी फोडाया लागलो. मग आवाज दबला. म्हणलं, आपलं कायतरी कमी पडून राहिलंय. मग रोज फोडाया लागलो."

"अन् मग?"

"मग बंदच पडला."

"अगं बाई!" गंगम्माक्का घागरीवरून उठलीच. "हितं लेकरांच्या घशाला कोरड, अन् हा मुडदा रोज लोखंडाला नारळाचं पाणी पाजतोय!"

बाकीच्या बायांनी नुसते ओठ चाटले. बोलायलाही थुंकी लागते.

मामूनं काट्याचं मीटर काढलं. एरियलच्या वायरीत मधोमध एक तार अन् तिच्याभोवती तारांची जाळी असते. जाळीला एक टोक लावलं, जीपच्या पत्र्याला दुसरं. काटा हलायला पाहिजे होता. मेल्यागत पडून राहिला. मग एक टोक मधल्या तारेला लावलं, दुसरं पत्र्याला. इथं काटा हलायला नको होता, तर थरथरला.

"बघ," मामू म्हणाला. "काडी एकली ऐकत न्हाई. जीपचं सगळं पत्र्याचं अंग तिच्यासंगं ऐकतंय. बुडाची चकती पत्र्याला घट्ट भिडली पायजे. तिथं तुझ्या नारळानं गंज चढवला. अन् मधल्या तारेला पत्र्याचा वारा बी लागाया नको, तिथं तुझ्या पूजेचा लगदा पूल बांधून बसलाय. लातुरात आवाज दांडगा, म्हणून खपतंय. हितं खपत न्हाई. खोल."

"मी? न्हाई मामू. देव हाय त्यो आता."

"म्हणून तर तूच खोल. मी हात लावला तर तुला रातभर झोप न्हाई यायची."

रेवणसिद्धानं चपला काढल्या. गळ्यातल्या लिंगाला हात लावून पुटपुटला, पाना घेतला अन् नट फिरवला. चकती निघता निघेना. निघाली तेव्हा खाली काळा, चिकट थर, अन् त्याच्याखाली तांबडा गंज, पापुद्र्या पापुद्र्याचा.

"जरा तांब्याभर पाणी आणा हो कुणी," रेवणसिद्ध सवयीनं म्हणाला.

सगळी रांग त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं मान खाली घातली अन् टाकीतून चिंधीला पेट्रोल लावून आणलं.

अर्धा तास खरवडणं चाललं. आधी ब्लेडनं, मग घासपेपरानं, पत्रा चांदीसारखा उघडा पडेस्तोवर. मामूला उभ्यानं जोर लावणं जमत नव्हतं, म्हणून घासायचं काम रेवणसिद्धानं केलं. मामू मडगार्डाला टेकून नुसता म्हणत राहिला, "अजून. अजून. तिथं राहिलं बघ." मधल्या तारेची रबरी चकती पेट्रोलनं पुसून उन्हात वाळवली. सगळं आवळलं. वरून जरासं ग्रीस थापलं. मीटर लावलं. पहिल्या ठिकाणी काटा धावत गेला, दुसऱ्या ठिकाणी गप पडून राहिला.

एकला पाच मिनिटं कमी होती. एरियलची वायर संचात घातली. दिवा पळायला लागला. एक वाजला. दिवा पळतच होता. गंगम्माक्कानं तोंडाला पदर लावला. रेवणसिद्धाच्या घड्याळात एक वाजून दोन मिनिटं झाली, तीन झाली. मामूनं डोळे मिटून घेतले. त्याला झोप लागली की काय, असं मला वाटलं.

दिवा थांबला.

"रेणापूर सर्कल. जुनी विहीर बंद. आज पिंपळाच्या मळ्यातली विहीर. वाडीला दोन खेपा. पुन्हा सांगतो..."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रोज तीन खेपा लागायच्या. बायांनी घागरी नीट उभ्या करून ठेवल्या. टँकरवाल्यानं विडी टाकली अन् गाडी चालू केली. रेवणसिद्ध सीटखालून आजचा नारळ घेऊन पळतच मडगार्डाकडं गेला, अन् नारळ वर उचललेला हात तसाच राहिला.

"बंपरवर फोड," मामू म्हणाला. "अन् पाणी सांडू नको. आक्काला दे."

गंगम्माक्कानं करवंटीतलं पाणी ओठाला लावलं. अर्धं प्याली. उरलेलं मामूपुढं धरलं.

"घे. लई बोलले तुला."

मामूनं एका घोटात संपवलं. मग जीपमध्ये चढायला लागला. रेवणसिद्धानं त्याला खालून ढकललं.

"रेवणअप्पा, पुन्हा बिघडली तर मी काय इचारणार?"

"आदल्या दिवशी काय केलतंस."

"अन् तू काय सांगणार?"

रेवणसिद्धानं चावी फिरवली, जरा विचार केला.

"काईच न्हाई केलं," तो म्हणाला.