लाल हापसा

उभ्या जालना जिल्ह्यात घोट घेण्याआधी पाण्याचं कूळ विचारणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा निघाला. लोक सोयरीक जुळवताना करत नसतील एवढी चौकशी आबा पाण्याची करतात. लग्नाची पंगत असो की मयतीचं घर, समोर तांब्या आला की पहिला प्रश्न, "पाणी कुठलं?" एका मयतीत घरच्या बाईनं रडता रडता "टँकरचं हाय" असं सांगितलं, तेव्हा कुठे ते दोन घोट प्याले. हसनाबादचा एक हॉटेलवाला तर वैतागून म्हणाला, "काका, पाणी तुमी घरून आणत जा, मी नुसती साखर टाकतो." आबांना हे बिलकुल पटलं. तेव्हापासून त्यांच्या खांद्याला बाटली लटकली.

या वेडाचं मूळ त्यांच्या गावातल्या शाळेजवळच्या हापशात आहे. हापशामागे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. भट्टीवाला निघून गेला, शिसं मातीत राहिलं. पुढे तपासणीत ते हापशाच्या पाण्यात सापडलं, आणि आबांची नात त्याच शाळेत पहिलीला. "हे शिसं लेकरांच्या डोक्यात उतरतंय, पाहुणे. लेकरू दिसायला चांगलं दिसतंय अन् हळूहळू मागं पडतंय," असं ते भेटेल त्याला सांगत. त्यांना येताना पाहून लोक गल्ली बदलत. घरी ते रोज नातीकडून पाढे म्हणवून घेत, आणि ती कुठे अडली की जेवण तसंच टाकून उठत. बहीण म्हणायची, "पोरीपेक्षा आबांचीच परीक्षा चालू आहे."

सरकारनंही जनतेला सावध केलं, नाही असं नाही. एक छापील पत्रक आलं. सकाळी नळ सोडल्यावर थोडा वेळ पाणी वाहू द्यावं आणि मगच प्यावं, असं त्यात होतं. गावाच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही करंगळीएवढं. आबांनी पारावर हे मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा गाव पोट धरून हसलं. शेजारच्या चाचींनी मात्र मनावर घेऊन हापशाचं पाणी उकळायला सुरुवात केली. "चाची, उकळून शिसं जात न्हाई. पाणी आटतंय, शिसं तितकंच राह्यतंय!" आबा कळवळून म्हणाले. "मंग गॅसचा खर्चा फुकट गेला की," म्हणून चाची पुन्हा थेट हंड्यातलं पिऊ लागल्या.

शेवटी तालुक्याला खेटे घालून आबांनी हापशाला लाल रंग लावून घेतला. लाल हापसा म्हणजे पाणी पिऊ नये, असा नियम. शेजारी तशी पाटीही लावायची होती, पण पाटीवाला 'उद्या येतो' म्हणाला तो अजून येतोच आहे. आमच्याकडे काही लाल दिसलं की माणूस आधी हात जोडतो, मग चौकशी करतो. आठवड्याच्या आत हापशाला हार पडला, नारळ फुटला, आणि एका मंगळवारी कुणीतरी वरून शेंदूर चोपडला. आबा धावतच गेले. "अरे, शेंदरातबी शिसंच असतंय! आतून होतं ते पुरलं न्हाई म्हणून वरूनबी लावून राह्यले का?" एका म्हातारीनं त्यांना शांतपणे समजावलं, "आबा, देवाला असं बोलू न्हाई." इतके दिवस लोक ते पाणी म्हणून पीत होते, आता तीर्थ म्हणून पिऊ लागले. ही गोष्ट मी चारचौघांत हसत हसत सांगतो खरी, पण मला तिचं रडू येतं.

यंदा उन्हाळ्यात बहिणीकडे गेलो. टँकरचा पत्ता नव्हता. घरात विकतचा एक जार होता आणि तो फक्त नातीचा, तसा आबांचा हुकूमच होता. पाहुणा म्हणून त्यातलं पेलाभर मला मिळालं. आबांनी स्वतः मात्र माठातलं घेतलं. खांद्यावर बाटली नव्हती. मला राहवलं नाही.

"आबा, पाणी कुठलं?"

"देवाचं," ते म्हणाले आणि पेला रिकामा केला. मग नातीला जवळ ओढून म्हणाले, "बाय, बेचा पाढा म्हण बरं, मामाला दाखव."

पोरगी झरझर म्हणत गेली आणि 'बे सत्ते'वर अडली. तिथे सगळीच लेकरं अडतात. मीसुद्धा अडायचो. पण आबांच्या तोंडाकडे मला बघवेना.