पाठीमागचा हात

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून तांदूळ निवडायला घेते, हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. अंगारा, उतारा, नजर... माझ्या घरात यातलं काही नाही. माझ्या घरात डबे आहेत आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे. तरीही खाली लिहिलंय ते घडलं. घडलं त्याच क्रमानं लिहिते.

गाव कागदोपत्री उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, निजामाची राजवट अजून होती. आमचं घर कापसाच्या जिनिंगला लागून. जिनिंगचं इंजिन चालू असेल तेवढाच वेळ आमच्याकडे वीज यायची — म्हणजे दिवसाच. ह्यांनी रेडिओ दुरुस्तीचं काम घरातच, मागच्या खोलीत मांडलं होतं.

एकदा हे पुण्याच्या जुन्या बाजारातून बशीएवढ्या तोंडाची काचेची मोठी नळी घेऊन आले. फौजेच्या कसल्याशा यंत्रातली.

"हिच्यावर चित्र उमटतं," म्हणाले. "विलायतेत लोक घरात बसून बघतात."

"आणि इथं चित्र पाठवणार कोण?"

"कुणी न्हाय. नुसत्या रेघा उमटल्या तरी मी जिंकलो!"

एका इंग्रजी मासिकातली आकृती समोर ठेवून काम सुरू झालं. रेडिओचे व्हॉल्व्ह, पत्र्याचा सांगाडा, हातानं गुंडाळलेली तारेची वेटोळी — सगळं घरीच. आमच्यात त्याचं नाव पडलं 'चित्राचा रेडिओ'.

अशा सेटमध्ये वीज जीवघेणी असते. म्हणून ह्यांचा नियम होता — चालू सेटमध्ये उजवा हात घालायचा, डावा पाठीमागं ठेवायचा. दोन्ही हात आत गेले तर झटका छातीतून जातो. तो पाठीमागचा हात उघडा असायचा, आणि मी त्यात वस्तू ठेवायची. पक्कड, तार, तारांना डाग द्यायची राळ. हे मागत नसत, वळून बघतही नसत. काय हवं ते मला कळायचं. मान, खांदे, पाठ... काम करताना ह्यांची तेवढीच बाजू मी पाहिली.

मला मूल झालं नाही. पुढच्या वर्षी शांता ह्यांची दुसरी बायको होऊन घरात आली. तेर गावची, माझ्या धाकट्या बहिणीहूनही लहान. आता घरात 'हे' एकच आणि 'हे' म्हणणाऱ्या दोघी. "अक्का, हे जेवले का वो?" असं ती विचारायची तेव्हा मी भांडी जरा जोरातच ठेवायची. बाहेरची खोली तिची झाली, ह्यांचं हसणं-बोलणं तिचं झालं. मागची खोली तेवढी माझी राहिली, कारण राळेच्या धुरानं शांताला ढास लागायची. ती तिकडं फिरकायची नाही. मला ते बरंच होतं!

सेट होत आला होता तेव्हा विषमज्वरानं हे गेले.

अर्धवट काम मला बघवत नाही. थोड्याच जोडण्या राहिल्या होत्या. आकृतीवर ह्यांनी झालेल्या कामापुढं खुणा करून ठेवल्या होत्या, वस्तू माझ्याच डब्यांत होत्या. एक हात पाठीमागं ठेवून मी ते पुरं केलं. वीज जोडायला जिनिंगचे इंजिनवाले रशीदचाचा आले. व्हॉल्व्ह तापले, काचेवर हिरवा उजेड आला. मी डोळे फाडून बघत होते.

चाचा वाकून म्हणाले, "भाभी, इसमें तो कुछ नै. खाली हरी काई है!"

खरंच. नुसता विहिरीवरच्या शेवाळासारखा उजेड. चाचा हसत इंजिनाकडं गेले. तेवढ्यात शांता पदर नाकाला लावून दारात आली, जेवायला बोलवायला. ती काचेकडं बघून तिथंच खिळली.

"अक्का... हे."

"कोण हे?"

"हे म्हंजे हे! आपले!"

मला संताप आला. म्हटलं, "शांते, थट्टेला मीच सापडले का?"

"तुमची शपथ, अक्का. हितं वाकून बघतायत. करडा सदरा हाय, खिशाला निळं ठिगळ."

ते ठिगळ मीच लावलं होतं. सेटचं काम नुकतं सुरू झालं होतं तेव्हाचा सदरा. त्याची पोतेरी मी केली ती शांता लग्न होऊन येण्याआधी.

मी तिच्या जागी उभी राहिले. शेवाळ. डोळे पुसले, खिडकी लावली, तिचं डोकं बाजूला सारून बघितलं. शेवाळ! जोडण्या माझ्या, आणि दिसणार हिला? भीती वाटायला हवी होती. मला नुसता जळफळाट होत होता.

"नीट सांग. काय करतायत?"

"उजवा हात पुढं हाय, ह्या पेटीतच असल्यावानी. डावा पाठीमागं. पाठीमागं कशाला वो?"

"पुढं सांग."

"तोंडात तार धरलीय. कपाळाला आठ्या. लई येळ तसेच हायत... आता हसले."

"हसले? कुणाकडं बघून?"

"कुणाकडंच न्हाय. मान खाली. आपले आपलेच हसले. आता उजवा हात बाहेर काढला अन् पाठीमागचा पुढं आणला, त्यात पक्कड हाय. आता डावा परत मागं गेला... अन् परत हसले. अक्का, हे कशाला हसतायत?"

वस्तू हातात पडली की हे हसायचे. दर वेळी. आणि मी पाठीमागं उभी!

मी तिला सगळं सांगितलं — नियम, उघडा हात, माझी जागा. सांगताना माझा आवाज चढला असेल, कारण मला ते मिरवायचंच होतं. मग तिनं एकदा काचेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"माझ्यासंगं इतकं बोलायचे," ती म्हणाली, "पण असं कधी हसले न्हायत."

आणि ताट वाढायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होताच मी तिला हाताला धरून सेटपुढं बसवलं.

"दिसतंय?"

"न्हाय."

"नीट बघ की गं."

"न्हाय म्हटलं ना, अक्का. हिरवंच हाय नुसतं."

त्यानंतर मी किती वेळा विचारलं. रागावून, गोड बोलून, तिच्या आवडीचे धपाटे करून. उत्तर तेच.

ज्यांना यातलं कळतं त्यांना मी विचारून पाहिलं आहे. चित्र पाठवणारं ठाणं जवळपास नव्हतं, हे सगळेच सांगतात. सदऱ्याचं कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

सेट अजून मागच्या खोलीत आहे. दिवसा मी तो सुरू करते, शेवाळ बघते आणि कामाला लागते. राळेचा धूर आता नाही, त्यामुळे तिथला केर शांता काढते. परवा मी दाराआडून बघितलं. केरसुणी हातात तशीच धरून ती चालू सेटच्या काचेपुढं उभी होती, आणि तिनं डावा हात पाठीमागं नेला होता... उघडा.

मी आत गेले नाही, आणि दिसतंय का हे पुन्हा विचारलंही नाही.