दार वाजतंय आणि मला बोलायची बंदी आहे

मंडळी, मी आत्ता स्वतःच्याच घरात लपून बसल्येय.

रत्नागिरीत भाड्याने राहते, शाळेत शिकवते. आज सकाळी वॉशिंग मशीन लावून गेले आणि मागे पाइप निसटला. पाणी थेट खालच्या नजमाचाचींच्या कपाटात. त्यांच्या लेकीच्या लग्नाचे कपडे भिजले.

दुपारी आल्या आल्या खाली धावले. "चाची, चूक माझीच, सगळं भरून देते." बिल्डिंगच्या ग्रुपवरही हात जोडून तेच लिहिलं.

मग आठवलं, आपण भाडेकरूंचा विमा काढलाय! आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. खुशीत फोन लावला.

पहिलाच प्रश्न, "मॅडम, चूक कबूल तर केली नाहीत ना?"

पॉलिसीत अट आहे म्हणे. कंपनीला विचारल्याशिवाय चूक मान्य करायची नाही, भरपाईचा शब्द द्यायचा नाही. "क्लेम अडकू शकतो. आता आमचा माणूस पाहणीला येईपर्यंत त्यांच्याशी या विषयावर एक अक्षर बोलू नका."

अहो, ज्यांचं कपाट भिजवलं त्यांना माणूस आधी सॉरीच म्हणणार ना! आणि आता गप्प बसले तर चाचींना वाटणार, ही पलटली.

दहा मिनिटं झाली, चाची दार वाजवतायत. वाटलं, जाब विचारायला आल्या. दाराच्या भोकातून बघितलं तर हातात झाकलेलं ताट.

"बाय, दुपारपासून पाणीच उपसतेस. जेवलीस काय गो?"

दार उघडून काय बोलू, सांगा.