फुगवट्यावर नंदाची होडी

उजाडायच्या आत आमची गाडी जळगावातून निघाली. सहा बायका, दोन पाण्याचे जार, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीच्या फोडी, मिठाची पुडी, प्रथमोपचाराची पेटी आणि प्रत्येकीच्या पिशवीत एक कांदा. मे महिन्यात खानदेशात घराबाहेर पडायचे तर कांदा हवाच, आणि डोक्याला फडकेही हवे. दोन्ही मी आदल्या रात्रीच तपासून घेतले होते.

पाच जणी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातल्या. सहावी माझी धाकटी बहीण नंदा. ती सावद्याकडच्या एका खेड्यात दिलेली. घरची केळीची बाग आहे. या सहलीसाठी ती आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन राहिली होती. तिचे सासरे, आबा, तिला एसटीत बसवायला आले आणि तिथूनच त्यांनी मला फोन केला. "बाई, तिले पोहता येत नाही. तुह्या भरोशावर धाडू राहिलो." एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. त्या वाक्याने मला रात्रभर नीट झोप लागली नाही.

भुसावळ मागे पडले, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या उजवीकडून सरकल्या, आणि वरणगाव सोडल्यावर एका वळणावर तापीचा फुगवटा (धरणामुळे मागे पसरलेले पाणी) दिसला. उन्हाळ्याने पाणी बरेच आत गेले होते. काठाला भेगाळलेला गाळ होता, मध्येच बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे वर आले होते, आणि त्यापलीकडे इतके पाणी की समोरचा काठ हिरव्या रेघेएवढा दिसत होता. नंदा खिडकीला नाक लावून बसली होती.

"अक्का, मी एकटीच्या होडीत बसणार," ती म्हणाली.

"दोघींच्या होडीत. माझ्याबरोबर."

"दोघींच्या होडीत तूच वल्हवशील अन् मी नुसती बसून राहीन. तसं तर मी घरीही बसते."

मागच्या सीटवर वैशाली हसली. ती आमच्या गटातली सर्वांत बोलकी. "सुमन, तिला पाण्यात सोड, नाहीतर ती आपल्याला गाडीतून ढकलेल."

काठावर पंकज नावाचा तिशीतला माणूस होड्या घेऊन थांबला होता. त्याच्याकडे चार कयाक (अरुंद, वरून झाकलेल्या होड्या), दोन पॅडलबोर्ड (उभे राहून वल्हवायच्या फळ्या) आणि एक छोटी मोटरबोट होती. त्याने प्रत्येकीला जाकीट घालून पट्टे स्वतः ओढून पाहिले. मीही त्याच्यामागून सगळे पुन्हा ओढून पाहिले. नंदाचे दोनदा.

"एक लांब शिट्टी वाजली की सगळ्यांनी परत फिरायचं," पंकज म्हणाला. "सकाळी पाणी शांत असतं. ऊन चढलं की पश्चिमेचा वारा सुटतो. त्याच्या आत बाहेर यायचं."

मी विचारले, "आणि कोणी नाही आलं तर?"

"मी बोट घेऊन जाईन ना मॅडम."

पहिला तास बरा गेला. नंदा आधी माझ्याबरोबर बसली, मग एकटीने काठाकाठाने चार फेऱ्या मारल्या. वैशाली फळीवर उभी राहायची, पाण्यात पडायची, पुन्हा चढायची. "या वयात मला कोणी इतक्या वेळा उचललं नव्हतं," ती पंकजला म्हणाली. त्याला हसावे की नाही कळेना. पाणी गार होते आणि वर आकाश पांढरे पडू लागले होते. ऊन लागायला लागले तसे आम्ही सगळ्यांनी डोक्याची फडकी कानांवरून घट्ट ओढून हनुवटीखाली गाठ मारली. ऊन कानातून लागते, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. पंकजही नाशिककडचा असला तरी त्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

मी कैऱ्या काढायला काठावर आले तेव्हा वारा सुटला. आधी पाण्यावर नुसती शिरशिरी आली, मग छोट्या लाटा गाळावर आपटू लागल्या. पंकजने लांब शिट्टी वाजवली. जवळच्या तिघी फिरल्या. वैशालीची फळी वाऱ्याने बाभळीच्या शेंड्यांत नेऊन अडकवली होती, म्हणून पंकज बोट घेऊन आधी तिच्याकडे गेला. मी मोजले. एक कमी होती.

नंदा मधल्या पाण्यात होती. पाठ आमच्याकडे, डोक्याला पिवळे फडके, वल्हे संथपणे वरखाली. वारा पाठीवर होता, त्यामुळे होडी आपोआप पळत होती. तिला वाटत असणार, आपल्याला छान जमायला लागले.

पंकजने बोटीतून पुन्हा शिट्टी फुंकली. आम्ही हाका मारल्या. ती वळली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले की बांधलेल्या कानांना या वाऱ्यात काहीच ऐकू जाणार नाही. वैशालीला काठाला सोडून पंकजने बोट वळवली, आणि थोडे अंतर जाताच मोटर बंद पडली. पंख्यात जलपर्णी गुंतली होती. तो वाकून ती हाताने ओढू लागला.

माहेरी आमच्या शेतात निंदायला येणाऱ्या बायांचेही कान असेच बांधलेले असत. हाक पोहोचत नसे. म्हणून जेवणाची वेळ झाली की आई बांधावर काठीला लुगडे बांधून उभे करायची. ते दिसले की बाया यायच्या, खाली घेतले की पुन्हा कामाला लागायच्या. मी गाडीतली चादर काढली, वल्ह्याला बांधली आणि वैशालीने आणि मी मिळून ती उंच धरली.

थोड्या वेळाने नंदाने मागे पाहिले. आईची ती खूण तिने ओळखली. होडी वळवू लागली, आणि तेव्हाच ती आडवी होऊन लाटांत डुलायला लागली. कसेबसे तोंड आमच्याकडे झाले. ती जोरजोरात वल्हवत होती, पण पुढे येत नव्हती. उलट हळूहळू मागेच जात होती.

पंकज बोटीतून ओरडला, "त्यांना बोलावू नका. वाऱ्यापुढे दमतील. तिकडेच जाऊ द्या, पलीकडे उथळ आहे."

"चादर खाली नको घेऊ," वैशाली म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तिला वाटेल, आपण सोडून दिलं."

मी नंदाच्या हातांकडे पाहत होते. वल्ह्याचे पाते आता पाण्यात नीट बुडतही नव्हते. आबांचे वाक्य कानात होते. मी चादर खाली घेतली.

ती क्षणभर थांबली. मग तिने होडीचे तोंड फिरवले आणि वाऱ्याबरोबर निघाली. पिवळे फडके लहान होत गेले आणि पलीकडच्या हिरव्या रेघेत दिसेनासे झाले.

पंकजची मोटर चालू व्हायची वाट न पाहता मी ड्रायव्हरला घेऊन धरणावरून पलीकडे निघाले. त्या रस्त्यावर मी काय काय मनात आणले ते लिहीत नाही. फोन नंदाच्या पिशवीत होता आणि पिशवी माझ्या मांडीवर.

पलीकडे पाणी ओसरलेल्या गाळात डांगरवाडी (खरबुजांची लागवड) होती. पाचटाच्या खोपीपुढे नंदा बसली होती, चिखलाने माखलेली, हातात खरबुजाची फोड. शेजारी एक म्हातारी वेल सारखे करत होती. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "तुही बहीण काय? बस. तिनं आधी पाणी पेलं, मंग रडली, मंग डांगर खाल्लं. आता बरी शे."

नंदाने तळहात पुढे केले. वल्ह्याने आलेले फोड फुटले होते. "तू बोलावलं म्हणून वळली, अक्का. मंग तूच जा म्हणालीस."

मी तिची उरलेली खरबुजाची फोड घेतली आणि खाल्ली. तोपर्यंत पंकजही बोट घेऊन पोहोचला. त्याने आधी नंदाकडे, मग होडीकडे पाहिले आणि गाळातच बसला.

उरलेला दिवस आम्ही सावलीत काढला. दशम्या कोणी फारशा खाल्ल्या नाहीत. उन्हे कलल्यावर नंदाला सोडायला तिच्या गावाकडे निघालो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. काय सांगायचे ते मी ठरवून टाकले होते: सहल छान झाली, पाणी शांत होते.

आबा ओट्यावरच होते. मी तोंड उघडायच्या आत नंदा म्हणाली, "आबा, वाऱ्यानं माही होडी पार पल्याड नेली व्हती. शिट्टी ऐकू नाही आली."

आबांनी तिचे तळहात धरून पाहिले, उलटे केले, पुन्हा पाहिले. "घाबरली?"

"लय घाबरली. पण हात थांबू नाही दिले."

"पुन्हा जाशीन?"

नंदा माझ्याकडे पाहू लागली. आबाही पाहू लागले. दिवसभराची भीती अजून तशीच होती, ती या ओट्यावर उतरणार नव्हती. पुढच्या वेळी पश्चिमेचा वारा सुटायच्या कितीतरी आधी मी शिट्टी वाजवायला लावीन, आणि तरीही काठावर अशीच उभी राहीन, हे मला माहीत होते. माझ्याबरोबर असली म्हणजे ती सुरक्षित, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. आज ती काठाला लागली तेव्हा मी जवळपास कुठेही नव्हते.

"जाईल," मी म्हणाले. "तिला वाटलं तर एकटीच्या होडीत."