बाल्कनीतलं चार सिलिंडरचं इंजिन

प्रतीकने डबा घासला, आणि इतका लखलखीत घासला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. गुरुवारची सकाळ होती. सरलाकाकू बँकेत गेल्या होत्या. रविवारी त्या दिल्लीतल्या मयूर विहारचा हा फ्लॅट सोडून कायमच्या पुण्याला, लेकीकडे जाणार होत्या. घरभर खोकी पडली होती. दोन वर्षं पेइंग गेस्ट म्हणून राहून, यूपीएससीच्या नावाखाली आयती पोळीभाजी खाल्लेल्या माणसाने निदान ओटा तरी आवरावा, असं त्याच्या मनाने घेतलं. ओट्यावर मिसळणाचा डबा होता. आतल्या चार वाट्यांत काळं तेल, आणि प्रत्येक वाटीत अंगठ्याच्या पेराएवढं एकेक लोखंडी नळकांडं. त्याने चारही नळकांडी घासून उन्हात वाळवली, एका वाटीत ठेवली आणि बाकीच्या वाट्यांत मोहरी, जिरं, हळद भरून टाकली. गावी, चाकूरला, त्याची आई अशीच भरायची.

काकू आल्या, डबा उघडला आणि हळदीकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे कोणी केलं?"

"मी," तो ऐटीत म्हणाला.

"चारही एकत्र?"

"जागा कमी लागते ना, काकू."

काकू हळूच खुर्चीवर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते चार पिस्टन होते. काकू सहा वर्षं बाल्कनीत बसून जे इंजिन घडवत होत्या, त्याचे. इंजिन जेवणाच्या डब्याएवढं, पण सिलिंडर चार, अगदी मोटारीसारखे. प्रत्येक पिस्टन आपापल्या सिलिंडरसाठी दिवसचे दिवस घोटून बेतलेला. दोघांमधली फट केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी. पिस्टनवर नंबर घालायची सोय नव्हती, कारण नंबर म्हणजे ओरखडा. कोणता कुठला, हे फक्त वाटीवरून कळायचं.

काकूंचं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, शाळा पहाडगंजची मराठी. पुढे एका सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणी विभागात एकतीस वर्षं नोकरी. काम एकच, मोजणं. दुसऱ्यांनी केलेले भाग यायचे, काकू मोजायच्या, पास किंवा नापास. इंजिन जोडून सुरू व्हायचं ते पलीकडच्या शेडमध्ये, आणि तिथे बायकांना कोणी बोलावत नसे. भिंतीतून धडधड ऐकू यायची, तेवढीच. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी दागिने केले नाहीत, धातू कातायचं लेथ घेतलं. तेव्हा त्यांचे यजमान गुणवंतराव हयात होते. "आता सोफा कुठे ठेवायचा?" एवढंच ते म्हणाले, आणि सोफा विकला.

आता लेथही विकलं गेलं होतं. रविवारी सकाळी फरिदाबादचा माणूस उचलायला येणार होता. म्हणजे इंजिन फिरलं तर शनिवारपर्यंत, नाही तर कधीच नाही. लेक संपदा फोनवर म्हणालीच होती, "नाही चाललं तर शोकेसमध्ये ठेवू, यार आई. क्यूट दिसेल." त्या 'क्यूट'नंतर काकू दिवसभर बाल्कनीतून उठल्या नव्हत्या.

"चल, मोजायला बस," काकू म्हणाल्या.

सिलिंडरच्या नळीचं खालचं तोंड अंगठ्याने बंद करायचं, तेलाचा थेंब टाकायचा आणि वरून पिस्टन सोडायचा. आपला असेल तर आतल्या हवेला निसटायला जागा नसते, मग तो झोप आल्यासारखा सावकाश उतरतो. परका असेल तर एक तर अडतो, नाही तर धपकन बसतो. प्रतीक सेकंद मोजत होता. तीन पिस्टनना घर सापडलं. चौथा कुठेही टाका, धपकन.

काकूंनी तो मायक्रोमीटरमध्ये धरून फिरवला. "घासणी कसली होती?"

"स्पंज," प्रतीकने ठोकून दिलं.

"स्पंजने सात मायक्रॉन जात नाहीत. आणि गेलेत एकाच बाजूने. तू डावखुरा ना?"

प्रतीकच्या मनात आलं, या बाईला मुलाखतीच्या बोर्डावर बसवलं तर देशात एक कलेक्टर होणार नाही.

"तारेची," तो म्हणाला. "पहिल्याला जोर लावला. मग हात दुखायला लागला."

"म्हणजे तुझ्या आळसाने तीन वाचले. चांगला गुण आहे, जप."

नवा पिस्टन करायला हवा होता, पण सोसायटीचा नियम होता: लेथ अकरा ते एक आणि चार ते सहा. शुक्रवारी सकाळी काकूंनी बिडाच्या दांड्यातून पहिला पिस्टन काढला. तो किंचित बारीक झाला. त्यांनी तो बाजूला ठेवला. संध्याकाळी दुसरा जमला. शनिवारी तो घोटायला घेतला. एक वाजला तेव्हा जेमतेम दोन मिनिटांचं काम राहिलं होतं.

"करून टाका, काकू. कोण घड्याळ बघतंय?"

"खाली त्यागीजी झोपलेत," म्हणत काकूंनी बटण बंद केलं, आणि राहिलेलं काम हाताने केलं. दोन मिनिटांचं काम, दीड तास लागला. प्रतीकने त्या बोटांकडे बघत तो दीड तास घालवला. इतका वेळ तो कधी राज्यघटनेसमोरही बसला नव्हता.

चारला इंजिन जोडून तयार होतं. काकूंनी ड्रिल लावून ते फिरवलं. फट्, फट्, धूर, मग चालू! पण लंगडत. काकूंनी बोट पाण्यात बुडवून धुराच्या चारही नळ्यांवर एकेक थेंब टाकला. तीन नळ्यांवर चर्र झालं. तिसऱ्या नळीवर थेंब नुसता बसून राहिला. नवा पिस्टन तिसऱ्यातच होता.

"माझ्यामुळे," प्रतीक पुटपुटला.

"एवढं मोठं समजू नकोस स्वतःला." काकूंनी तिसऱ्याचा स्पार्क प्लग काढला. तो तेलाने बरबटला होता. पुसला, फट ब्लेडने नीट केली, परत बसवला. या वेळी चारही थेंब उडाले. मग त्या पेट्रोलची सुई केसभर इकडे, केसभर तिकडे करत, मान तिरकी करून ऐकत राहिल्या. हळूहळू चार ठिणग्यांचा मिळून एकच गुंजारव झाला.

काकूंनी टेबलावर तळवा टेकवला.

"अच्छा," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे भिंतीच्या या बाजूने असं ऐकू येतं."

त्यागीजी जिना चढून आले. "सरला जी, सिलाई मशीन ली है क्या?"

"नहीं जी, इंजन है. मेरा है."

सहाला काकूंनी स्वतःच ते बंद केलं.

रविवारी चार माणसांनी लेथ उचललं. काकू फरिदाबादच्या माणसाला म्हणाल्या, "भाईसाहब, ये लड़का आपके पास आएगा. इसे एक पिस्टन बनाना है. उधार है इस पर." मग बिडाचा उरलेला तुकडा त्यांनी प्रतीकच्या हातात ठेवला. "तिसऱ्याला जोडीचा स्पेअर करायला मला वेळ उरला नाही. तो तू करायचा. आणि हाताने घोटायचा."

या गोष्टीला दीड वर्ष झालं. दर महिन्याला पुण्याहून फोन येतो.

"इंजिन कसंय, काकू?"

"चालतंय. संपदाची मुलं भांडतात, ड्रिलचं बटण कोण दाबणार म्हणून. तू कधी जातोयस?"

"प्रीलिम झाली की लगेच."

प्रीलिम होऊन सहा महिने झाले आहेत. तुकडा टेबलाच्या खणात आहे, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. फडकं मात्र प्रतीक न चुकता बदलतो.