ढिल्या स्टेअरिंगच्या गाड्या

पिंगळी फाट्यावर आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे माझं आणि रशीदभाईंचं. ते माझ्याहून बरेच मोठे, गाडीला पहिला हात त्यांचाच लागतो. गॅरेजात जुने पार्ट साठतात, ते भंगारवाला घेऊन जातो. गाड्यांसोबत आलेली माणसं मात्र डोक्यातच राहतात, ती कोण नेणार? त्यातली ढिल्या स्टेअरिंगवाली तेवढी सांगतो. ब्रेक गेला की माणूस घाबरून लगेच येतो. स्टेअरिंग हळूहळू ढिलं होतं, अन् माणूस त्याच्याशी जुळवून घेत राहतो.

*

भागवत सोनपेठच्या बाजाराला भाजी नेतो. त्याच्या पिकअपचं स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकं जागची हलायची नाहीत. आम्ही घासलेले जॉइंट बदलून दिले. दुसऱ्या दिवशी गडी परत हजर, अन् गाडीचा डावा कोपरा चेपलेला. घरी गाडी आत घेताना फाटकाच्या खांबाला लागली होती. वळण यायच्या आधीच स्टेअरिंग फिरवायची त्याला सवय झाली होती, अन् आता गाडी फिरवल्याबरोबर वळत होती.

"रशीदभाई, ही माझी गाडीच वाटंना," तो म्हणाला. "जरा ढिली करून द्या."

रशीदभाई हसले नाहीत. मोकळ्या माळावर गाडी नेली, शेजारी बसले अन् त्याच्याकडून ऊन उतरेपर्यंत नुसती वळणं मारून घेतली.

*

येलदरीच्या रुक्मिणबाई मासे विकतात. नवरा वारल्यावर त्यांनी पिकअपवर ड्रायव्हर ठेवला. गाडी लय हेलकावते, अशी त्यांची तक्रार होती. रस्ताच खराब हाय, असं ड्रायव्हरचं म्हणणं. मग एक चक्कर मारून बघू म्हणून आम्ही सगळेच गाडीत बसलो. मी खड्डे बघत होतो. बाई म्हणाल्या, "रस्ता बघू नका. त्याचे हात बघा."

रस्ता चांगला गुळगुळीत अन् सरळ होता, तरी ड्रायव्हरचे हात सारखे डावी-उजवीकडे चालले होते. त्याचं त्यालाही कळत नव्हतं. खाली बघितलं तर स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट ढिले.

काही महिन्यांनी बाई सर्व्हिसिंगला आल्या, त्या स्वतः गाडी चालवत. ड्रायव्हर सोडून गेला का, असं मी विचारलं.

"न्हाई, चांगला होता पोरगा," त्या म्हणाल्या. "धनी गाडी चालवताना गेले, तवा मी बाजूलाच बसले होते. आता बाजूला बसवत न्हाई."

*

एकदा ऊसतोडीला निघालेली पिकअप आली. मागं बायका, लेकरं, भांडीकुंडी. पंक्चर तेवढं काढून द्या, असं मुकादम म्हणाला. रशीदभाईंनी जॅक लावला अन् सवयीनं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. चाक खटखट वाजलं. स्टेअरिंगचा जॉइंट निसटायलाच आला होता.

मुकादम म्हणाला, फडावर पोचू द्या, मंग बघू. रशीदभाईंनी चाक खोललं, गॅरेजात आडवं टाकलं अन् त्यावर बसले. मुकादमाचा आवाज चढला. त्यानं नाही नाही ते बोलून घेतलं. रशीदभाई जागचे उठले नाहीत.

तेवढ्यात मागून एक म्हातारी हळूच खाली उतरली. तिनं लिंबाखाली तीन दगड मांडले, पिठाचा डबा काढला. तिच्या मागं दुसरी बाई उतरली, मग लेकरं उतरली. मुकादम बघत राहिला. मग खाली बसला अन् किती वेळ लागंल, असं विचारलं.

"भाकरी होईस्तोवर," रशीदभाई म्हणाले.

*

ज्ञानोबा अन् मारोती हे सख्खे भाऊ. विहिरीवरून वाटण्या झाल्या, तेव्हापासून बोलणं बंद. आई गेली तेव्हाही दोघं दोन टोकांना उभे होते. बापाची पिकअप तेवढी वाटता आली नाही, म्हणून दोघांत राहिली. किल्ली एकमेकांच्या हातात द्यायला नको म्हणून चहाच्या टपरीवर ठेवायचे.

एके दिवशी मारोतीच्या शेजारी त्याची लेक बसलेली असताना गाडी सरळ समोरच्या एसटीकडं ओढली गेली. थोडक्यात वाचले. मारोती तसाच गाडी हळूहळू चालवत आमच्याकडं आला. मागोमाग मोटारसायकलवर ज्ञानोबा आला. त्याला गावात कळलं होतं. त्यानं आधी पुतणीकडं बघितलं, मग गाडीकडं. मारोती मला सांगायला लागला, गाडी त्यानं बिघडवली. ज्ञानोबा रशीदभाईंना सांगायला लागला, गाडी यानं बिघडवली.

ढिलेपणा कुठं आहे हे शोधायची रीत साधी आहे. एकानं वर बसून स्टेअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून एकेका जॉइंटवर हात ठेवायचा. हाताला झटका लागला की तो जॉइंट गेला. मी खाली सरकायला लागलो, तर रशीदभाईंनी माझा दंड धरला.

"याला दोन माणसं लागतात," ते म्हणाले. "तुमी दोघं हाव की."

दोघंही हलले नाहीत. मग पोरगी बापाकडं बघायला लागली, तसा मारोती वर जाऊन बसला. ज्ञानोबानं टोपी काढून माझ्याकडं दिली अन् गाडीखाली शिरला. कुठं हात ठेवायचा, ते रशीदभाईंनी वाकून दाखवलं अन् ते बाजूला झाले.



"हलव," खालून ज्ञानोबा म्हणाला.

मारोतीनं स्टेअरिंग हलवलं.

"थांब." ज्ञानोबाचा हात पुढच्या जॉइंटवर गेला. "हलव."

असं चालत राहिलं. डाव्या चाकाजवळ आल्यावर खडखड मला उभ्या जागी ऐकू आली. मारोतीनंही ऐकली. तो थांबला अन् खिडकीतून वाकला.

"दादा, सापडलं का?"

ज्ञानोबानं जॉइंटवरचा हात काढला नाही.

"सापडलं," ज्ञानोबा म्हणाला. "तू हलवत ऱ्हा."