कडी लावलेला रुपया

सुटे पैसे परत घ्यायला आमच्या मावसाजींइतका वेळ उभ्या वऱ्हाडात कोणी लावत नसेल. एकदा बडनेऱ्याच्या फलाटावर चहावाल्याने दिलेली नाणी एकेक करून ते डोळ्यांजवळ नेत बसले आणि अकोल्याची गाडी आमच्या देखत निघून गेली. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. सालाखाली ठिपका असला की नाणं नोएडाच्या टांकसाळीचं, शंकरपाळ्यासारखी खूण असली की मुंबईचं, चांदणी हैदराबादची आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं, हे सगळं त्यांनी मला पुढची गाडी येईपर्यंत शिकवून टाकलं. अमरावतीला माझ्या लग्नात तर आहेराच्या पाकिटांवर चिकटवलेले रुपये ते भिंगाने तपासत होते. पाकिटाच्या आत काय आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण माझ्या सासऱ्यांना ते अजूनही पटलेलं नाही.

फोनवरचे व्हिडिओ पाहून लोक पाचाचं नाणं मुठीत घेऊन त्यांच्या अकोल्याच्या कापडदुकानात येतात. त्यांना लाखभर रुपये हवे असतात, मावसाजी चहा पाजतात. "जुना तं मीही आहो, मले कोन इकत घेते?" असं म्हणून मग ते समजावू लागतात. नाणी पाडली किती, वितळण्यातून वाचली किती, वरचा चेहरा झिजला किती, आणि तेच हवं म्हणून हटून बसणारे निदान दोघं तरी आहेत का. कोणी चिंचेने घासून लखलखीत केलेलं नाणं आणलं तर ते सुतकात असल्यासारखे बसतात. पण खोटं कधी सांगत नाहीत. या सरळपणापायी त्यांचे साडू, म्हणजे माझे वडील, वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हते.

मागच्या हिवाळ्यात मी दुकानात असताना शेंदूरजनाघाटचा एक माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात राणीछाप रुपया होता, सोनाराकडून कडी डागून घेतलेला. मुलाला तो विकायचा होता आणि म्हातारी दोरा सोडायला तयार नव्हती. शेवटी मावसाजींनी वाकून तो तिच्या गळ्यातच भिंगाने पाहिला. बराच वेळ पाहिला.

"कवाचा हाय, माय?"

"लग्नातला. माह्या बुढ्यानं बांधला होता," असं म्हणून तिने रुपया मुठीत धरला.

मावसाजींनी भिंग पुसलं आणि मुलाला म्हणाले, "कडी लागली, मोल गेलं, भाऊ. राहू दे मायच्या गळ्यात."

मुलाचा चेहरा उतरला. म्हातारीने रुपया पदराआड सारला आणि जिना उतरताना एकदा मागे वळून पाहिलं.

ते गेल्यावर मी हळहळलो, कडी नसती तर बरं झालं असतं म्हणून. मावसाजी कापडाची घडी घालत राहिले.

"कडीसकट घेतला असता मी," ते म्हणाले. "त्या सालाचा, त्या टांकसाळीचा रुपया जलमात पहिल्यांदा पाह्यला. पण तिले तसा दुसरा कोन देईन?"

एरवी मी मुक्कामाला गेलो की जेवण गार होईपर्यंत ते आपली नाणी दाखवतात. त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली नाही, आणि मलाही दाखवा म्हणवेना.